सुयांच्या डबीतलं सिम

१

काउंटरवरच्या मुलीने कार्ड दोनदा यंत्राला टेकवलं, एकदा आत सारून पाहिलं आणि मान हलवली. तिची भाषा शिवणमावशींना कळत नव्हती, पण नकाराची मान ओळखायला भाषा लागत नाही.

"खात्यात तेवढे पैसे नाहीत म्हणतेय," लेकीने हळूच सांगितलं.

"असं कसं होईल? एका पाळण्याला पुरणार नाहीत एवढी का मी भिकेला लागलेय? पुन्हा घालून बघ म्हणावं."

पुन्हा घातलं, पुन्हा तेच. मागे चार माणसं ताटकळत उभी होती. लेकीने स्वतःची पर्स उघडली तेव्हा मावशींनी तिचा हात धरला. "नातवंडाचा पाळणा आजीनेच घ्यायचा. चल घरी, काय झालंय ते बघू." पाळणा काउंटरवरच राहिला.

मावशींना तीन आठवडे झाले होते इथे येऊन. लेकीला नववा लागला होता. परक्या देशात तिचं बाळंतपण करायला दुसरं कोण येणार? गल्लीतल्या एकखणी दुकानात एकतीस वर्षं झबली, गणवेश आणि पडदे शिवून साठवलेले सव्वाचार लाख त्या खात्यात होते. घरी आल्यावर जावयाने लॅपटॉपवर खातं उघडून दिलं. मावशींनी चष्मा नाकावर चढवला. शिल्लक अकराशे रुपये होती. रविवारपासून गुरुवारपर्यंत तीन खेपांत पैसे एकाच अनोळखी खात्यात गेले होते.

बँकेचा फोन अर्ध्या तासाने लागला. पलीकडची बाई शांतपणे बोलत होती.

"मावशी, खातं मी आत्ता बंद करते, म्हणजे उरलंय ते तरी राहील. पण हे पैसे मोबाईल ॲपवरून गेलेत. पिन बरोबर टाकलाय आणि दर वेळी तुमच्या नंबरवर आलेला ओटीपीसुद्धा टाकलाय."

"मला एकही ओटीपी आलेला नाही! तो नंबर चालूच नाही इथे. ते सिम मी काढून माझ्या सुयांच्या डबीत ठेवलंय."

"म्हणजे सिम तुमच्याच ताब्यात आहे?"

"आहे की."

"मग कागदोपत्री हा व्यवहार तुम्हीच केला असं ठरतं. तो नंबर दुसऱ्या कोणाकडे होता हे सांगू शकलात, तर समोरचं खातं गोठवायला पाठवता येईल. पण लवकर सांगा. पैसे तिथून पुढे गेले की मग आमच्याही हातात काही नाही."

खरं बोलायला गेलं आणि आपल्याच गळ्यात फास अडकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मावशींच्या मनात आलं.

२

त्या संध्याकाळी मावशींनी डोक्यात सगळा प्रवास उलटा उसवून पाहिला.

हा फोन निघायच्या आदल्या दिवसापासून तीन-चार हातांतून फिरला होता. शेजारच्या टपालकाकांनी, म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या आणि गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज भरून देणाऱ्या काकांनी, त्यात बँकेचं ॲप टाकलं होतं आणि कार्ड परदेशात चालेल अशी सोय केली होती. सूनबाईने तो चार्ज करून दिला होता. मोठ्याने, म्हणजे मुलाने, निघायच्या दुपारी बाजारात नेऊन त्याला नवं कव्हर बसवून आणलं होतं. तिथल्या विमानतळावर संध्याकाळी सव्वासातला मोठ्याचा साधा फोनही आला होता, "आत गेलीस ना? पाणी घे गं," असा. इथे उतरल्यावर जावयाने पिनेने खाच उघडून घरचं सिम काढलं आणि इथलं घातलं. काढलेलं सिम मावशींनी त्याच्याच समोर डबीत टाकलं, आणि डबी तेव्हापासून त्यांच्या पलंगाशेजारच्या खणात होती.

म्हणजे सिमला हात लावू शकतील अशी माणसं या घरात तीनच. त्यातली एक त्या स्वतः.

लेक पलंगाच्या कडेला येऊन बसली. "आई, एक सांगू? चिडू नकोस."

"सांग."

"सोमवारी त्याने हॉस्पिटलची अनामत भरली. आमच्याकडे तेवढे नव्हतेच. गेल्या आठवड्यापर्यंत रोज रात्री तोच विषय होता. कुठून आणलेस म्हणून विचारलं, तर म्हणतो, 'झालं ना काम, तू नको डोक्याला ताप करून घेऊस.'" तिचा आवाज चिरकला. "तुझे पहिले पैसे रविवारी गेले, आई."

मावशी लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

३

इमारतीच्या तळघरात सगळ्यांच्या सामायिक कपडे धुण्याची खोली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जावई तिथे चादरींच्या घड्या घालत होता. गोदामात माल लावायचं काम करणारा उंच, अबोल माणूस. मावशींनी चादरीची दोन टोकं धरली.

"तुमच्याकडून दोन गोष्टी कळल्या तर बरं होईल."

"विचारा ना, आई."

"ते सिम काढून का ठेवलं आपण?"

त्याने मान वर केली. "मी काढा म्हणतच नव्हतो! या फोनमध्ये दोन सिमं बसतात. मी म्हटलं होतं, घरचं आत राहू दे. फक्त मेसेज येण्यापुरतं रोमिंग ठेवलं तर फार खर्च नाही, बँकेचे ओटीपी तरी येतील. तिच्या दादांनीच मला फोन करून बजावलं होतं, 'आईचं बिल हजारात जाईल, उतरल्या उतरल्या सिम काढून टाक.' घरचे मोठे सांगतायत म्हटल्यावर मी कशाला वाद घालू?"

"बरं. आणि हॉस्पिटलची अनामत?"

चादर त्याच्या हातात तशीच राहिली. कान लाल झाले. "ते नाही सांगता येणार. पण तुमचे नाहीत ते, आई. एवढंच सांगतो."

मावशींची नजर त्याच्या गळ्याशी गेली. या माणसाला त्यांनी स्वतः सहा शर्ट शिवून पाठवले होते आणि लग्नापासून एकदाही त्याचं वरचं बटण लावलेलं पाहिलं नव्हतं. 'गळा आवळल्यासारखं होतं,' म्हणायचा. आज या उकडत्या तळघरातही बटण अगदी कंठापर्यंत लावलेलं होतं. मावशींनी ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

वर येऊन त्यांनी खणातून डबी काढली, खिडकीशी नेली आणि सिम तळहातावर घेतलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नखाने चारही कडा चाचपल्या.

"अगं, इकडे ये," त्यांनी लेकीला हाक मारली. "हे माझं सिम नाही."

४

"तुला कसं कळलं?"

"माझं सिम मोठ्या आकाराचं होतं, जुन्या फोनातलं. नवा फोन घेतला तेव्हा दुकानदार कापून द्यायचे शंभर मागत होता. मी म्हटलं, कापायचंच तर माझा धंदा काय आहे? घरी येऊन माझ्याच कात्रीने कापलं. एक कड तिरकी गेली होती, जरा ठोकून बसवावं लागायचं. हे बघ, कंपनी तीच, रंग तोच, पण चारही कडा सरळसोट. हे कारखान्यात कापलेलं आहे. मी इतके दिवस दुसऱ्याचंच सिम जपतेय."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे कोणीतरी बदललं. आणि आई, फोन उघडला होता त्यानेच."

जावई नेमका तेव्हाच कपड्यांची टोपली घेऊन आत आला. पुढची दहा मिनिटं त्या घरात कोणी कोणाचं ऐकून घेतलं नाही. लेक रडत ओरडत होती. "माझ्या आईने डोळे फोडून जमवलेत रे ते!" तो एवढंच म्हणत होता, "मी नाही घेतले." शेवटी त्याने टोपली जमिनीवर ठेवली आणि जिन्यात जाऊन बसला.

मावशी मागोमाग गेल्या. गुडघे कुरकुरत असतानाही त्याच्या शेजारी पायरीवर टेकल्या.

"बटण काढा वरचं."

"आई..."

"काढा म्हणतेय ना."

त्याने बटण काढलं. गळा मोकळा होता. लग्नात मावशींनी घातलेली सोन्याची साखळी तिथे नव्हती.

"विकलीत."

त्याने मान खाली घातली. "सोमवारी. अनामत भरल्याशिवाय नाव नोंदवून घेत नव्हते. तुम्ही एकेक टाका घालून केलेली ती, आणि तुम्ही घरात पाहुण्या. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?" त्याने पाकिटातून सोनाराची पावती काढून दिली. त्यावर सोमवारची तारीख होती आणि रक्कम अनामतीएवढीच होती.

"वेडे आहात. सोनं अडीअडचणीसाठीच असतं," मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलंच माझं."

पण अनामतीचा उलगडा झाला म्हणून सिमचा झाला नव्हता. खाच उघडणारा हात अजून जावयाचाच होता, आणि पावती दाखवून लेकीचं मन शांत झालं तरी बँकेचं समाधान होणार नव्हतं.

५

दुपारी मावशींनी घरी फोन लावायला सुरुवात केली. इंटरनेटवरून, समोर चेहरे दिसतील असे.

पहिला मोठ्याला. तो कुरिअरच्या ऑफिसात पार्सलांच्या ढिगामागे उभा होता, दाढी वाढलेली.

"सिम बदललेलं आहे?" तो चपापला. मग भरभर बोलायला लागला. "मग प्रश्नच मिटला, आई. काढलं कोणी? जावयाने. तू साधी आहेस, पाहुणचारावर भुलतेस. आणि त्या काकांनाही विचार, पिन त्यांनीच ठरवला होता ना? उगीच घरातल्यांना सोडून बाहेर शोधत बसू नकोस."

मावशींनी दुसरा फोन टपालकाकांना केला. काका दुखावले. "पिन मी तुमच्या वहीत लिहिला, वहिनी, माझ्या नाही. वही तुमच्या टेबलाच्या खणात. फोन माझ्या हातात होता तो तुमच्या डोळ्यांसमोर, आणि खाच उघडायची पीनसुद्धा माझ्याकडे नाही. चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, एकाचं पाकीट उघडलं नाही." ते खरंच होतं. काका समोर बसून काम करत असताना मावशी शेजारीच मटार सोलत बसल्या होत्या.

सूनबाईने फोन उचललाच नाही.

शेवटचा फोन फुलवालीला. दुकानाला दुकान लागून असलेली, वीस वर्षांपासूनची मैत्रीण. ती रुसूनच बसली होती.

"आता आठवण आली का? तू निघालीस त्या दिवशी बाळासाठी विणलेली टोपी द्यायची राहिली म्हणून सात ते साडेसातच्या दरम्यान तीनदा फोन केला. म्हटलं, विमानतळावर बसली असेल, पत्ता तरी सांगेल. तीनदा पूर्ण वाजला. परदेशी निघालीस म्हणून मैत्रिणीचा फोन उचलायचा नाही?"

"वाजला? बंद नव्हता लागत?"

"अगं, छान वाजत होता. उचलत नव्हतीस."

त्या संध्याकाळी विमानतळावर फोन मावशींच्या मांडीवर होता. विमान चुकेल या धास्तीने त्या दर दोन मिनिटांनी त्यात वेळ बघत होत्या. सात ते साडेसातच्या दरम्यान तो एकदाच वाजला होता.

त्या आत गेल्या, दार लावलं आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

६

बाहेर आल्या त्या डोळे कोरडे करूनच. लेक-जावयाला त्यांनी समोर बसवलं.

"नीट ऐका. फुलवालीने माझा नंबर लावला, तो वाजला, पण माझ्या मांडीवरचा फोन गप्प होता. म्हणजे माझं सिम तेव्हाच दुसऱ्या कुठल्या तरी फोनात होतं. मी अजून विमानातही बसले नव्हते. यांच्या हातात फोन यायला अजून एक अख्खा दिवस होता." त्यांनी जावयाकडे बोट केलं. "यांनी काढलं ते आधीच बदललेलं सिम होतं."

लेकीने नवऱ्याचा हात घट्ट धरला. "मग कोणी? काकांनी?"

"त्याच अर्ध्या तासात मला एक फोन आला. साधा फोन, इंटरनेटचा नाही, नेट मी चालूच केलं नव्हतं. माझा नेहमीचा नंबर लावला असता तर तो फुलवालीसारखाच दुसरीकडे वाजला असता. माझ्या हातातला फोन वाजवायचा, तर त्यात घातलेल्या नव्या सिमचा नंबर माहीत हवा. आणि तो माहीत कोणाला? ज्याने दुपारी कव्हर बसवताना ते घातलं त्याला." त्यांचा आवाज इतका हळू झाला की लेकीला पुढे वाकावं लागलं. "मी पाणी पिते की नाही याची काळजी होती त्याला. त्या काळजीनेच तो पकडला गेला."

"दादा?" लेक म्हणाली.

मावशींनी फोन लावला. मोठा घरी आला होता.

"माझं सिम तुझ्याकडे आहे ना रे?"

तो आधी हसला, मग चिडला, मग काकांचं नाव घेतलं. मावशींनी फुलवालीचे तीन फोन सांगितले. त्याचा आलेला एक फोन सांगितला. सव्वासातची वेळ सांगितली.

"परत ठेवणार होतो, आई," तो शेवटी म्हणाला. "एक एजंट परदेशातल्या नोकरीचं काम करून देणार होता. आधीचे भरले होते. तो म्हणाला, राहिलेले भरले नाहीत तर सगळेच बुडाले. धाकटी गेली तिकडे. मी मात्र लोकांची पार्सलं बांधत बसलोय. मला वाटलं, तिकडे पोचलो की सहा महिन्यांत खात्यात घालीन, तुला कळणारही नाही."

"मागितले असतेस तर?"

"दिले असतेस?"

मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला.

"आणि जावयाचं नाव पुढे केलंस. तिचा नववा महिना चाललाय, एवढंही मनात आलं नाही?"

पडद्यावरचं चित्र हललं आणि सूनबाई समोर आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "आई, मला काल रात्री कळलं, म्हणून मघाशी तुमचा फोन घ्यायची हिंमत झाली नाही. त्या एजंटाच्या ऑफिसला दोन दिवस कुलूप आहे. माझ्या बांगड्याही त्याच्याकडेच गेल्या. तुम्ही तक्रार करा."

"अगं, माझं नाव पोलिसांत जाईल!" मागून मोठा ओरडला.

"जाऊ दे," सून त्याच्याकडे न बघता म्हणाली. "नाहीतर उद्या हे राहतं घरही त्या एजंटाला देतील, आई."

मावशींनी फोन ठेवला. लेक म्हणाली, "आई, आजची रात्र विचार कर." जावई म्हणाला, "पैसे काय, पुन्हा जमवू आपण सगळे मिळून." दोघंही मनापासून बोलत होती. पण पैसे पुढे सरकायला रात्रीची वाट बघणार नव्हते, आणि एकदा झाकलेलं पुन्हा झाकावं लागतं हे मावशी एकतीस वर्षं ठिगळं लावून शिकल्या होत्या. त्यांनी बँकेचा नंबर लावला.

"नंबर कोणाकडे होता ते कळलंय. लिहून घ्या." त्यांनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला. पत्ता त्यांचाच होता.

"तुमचं यांच्याशी नातं काय?" बाईने विचारलं.

शाळेच्या अर्जात, दवाखान्याच्या कागदावर, रेशनकार्डावर मावशींनी हा शब्द किती वेळा लिहिला होता. कधी लिहिताना हात अडखळला नव्हता.

"मुलगा."

कळफलकाचा आवाज थांबला. "मावशी, मी थांबते. घाई नको. नीट विचार करून सांगा."

"विचार करूनच फोन केलाय, बाई. तुम्ही लिहा."

तिसरी खेप त्या खात्यातच अडकलेली सापडली. आधीच्या दोन हातच्या गेल्या. सूनबाई नवऱ्याला घेऊन स्वतः पोलिसांत गेली. त्याने सिम दिलं, एजंटाचे फोटो आणि नंबर दिले. दोन दिवस त्याला तिथे बसवून ठेवलं, मग जामिनावर सोडलं. पुढे काय होईल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यानंतर त्याने आईला फोन केला नाही. आईनेही केला नाही. मावशी स्वयंपाक करायच्या, लेकीचे पाय चेपायच्या आणि मधेच हातातलं काम थांबवून भिंतीकडे बघत राहायच्या.

अकराव्या दिवशी फोन वाजला. पडद्यावर 'मोठा' असं नाव होतं. मावशींनी तो चार घंटा वाजू दिला.

"आई," तो म्हणाला. "ती कशी आहे?"

"काल मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."



"त्यांना देतेस का जरा?" तो म्हणाला. "जावयांना."

मावशींनी फोन जावयाच्या हातात दिला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.